आठवीतला दादा

ता. ३ जुलै

ती. मावशीस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

नोकरी कशी चाललीय, असं तू विचारलंस. नोकरी छान होती. मंगळवारपासून मी आठवीत आहे.

हसू नकोस. शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळायचा मला पगार मिळतो, हे तुला ठाऊक आहे. त्यांचा गृहपाठ घ्यायचा, खेळायचं, मारामाऱ्या सोडवायच्या. आईवडील कारखान्यातून सुटेपर्यंत एरवी ही मुलं जिन्यात बसून राहतात. बारा मुलं असली तरच केंद्र चालतं, असा नियम. एक मुलगी गाव सोडून गेली आणि उरली अकरा. मंगळवारी तपासणीचे साहेब आले तेव्हा आम्ही सगळे जमिनीवर पालथे पडून पुठ्ठ्याचा पूल चिकटवत होतो. साहेबांनी डोकी मोजली, बारा भरली, खूश झाले. मी उठून सांगायला गेलो, तर मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही म्हणून मलाच दटावलं आणि पटावर आठवीत लिहून टाकलं.

आता कागदोपत्री मुलं बारा आणि केंद्राचा मार्गदर्शक, म्हणजे मी, बेपत्ता. माझ्या जागी नवा माणूस येतोय. खरं सांगितलं तर केंद्र बंद होणार, गप्प बसलो तर माझी नोकरी गेली. मला काही सुचत नाहीये गं.

लोभ आहेच, सोबत थोडी अक्कलही पाठव.
तुझा,
मुंगळ्या


ता. ९ जुलै

चि. मुंगळ्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता गिऱ्हाइकाच्या झंपरची बाही उलटी शिवली. अरे गाढवा, चोविसाव्या वर्षी कुणी आठवीत जातं का? दाढी वाढव म्हणून कानीकपाळी ओरडले, तर म्हणे येतच नाही. या नोकरीसाठी किती चपला झिजवल्यास ते मी पाहिलंय. ऊठ आणि साहेबांना खरं काय ते सांगून टाक. केंद्राचं काय व्हायचं ते होईल.

तोवर उघडा पडू नकोस म्हणून गणवेश शिवून पाठवतेय. तुझं शाळेतलं जुनं माप काढलं. कुठेच सैल करावं लागलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

मुलांना, म्हणजे तुझ्या वर्गमित्रांना, आशीर्वाद सांग. जपून राहा.
तुझी मावशी


ता. २२ जुलै

ती. मावशीस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

नवे मार्गदर्शक आले. निवृत्त बसकंडक्टर आहेत. कुणाचं अर्धं तिकीट, कुणाचं पूर्ण, हे ओळखण्यात त्यांचा जन्म गेलाय. दारातूनच माझ्याकडे बघून म्हणाले की हा पूर्ण आहे. तेवढ्यात दोन पोरं एकमेकांच्या उरावर बसली. काका नुसतेच सगळ्यांना पुढे सरका, पुढे सरका म्हणत राहिले. मुलांनी सवयीने मला हाक मारली आणि मी भांडण मिटवलं. तेव्हापासून काका चकार शब्द काढत नाहीत. मुलं मी बघतो, खुर्चीत ते बसतात, आणि निम्मा पगार गुपचूप माझ्या दप्तरात सारतात.

साहेबांकडे गेलो होतो. गणवेशात गेलो, ही घोडचूक झाली. ते म्हणाले की मोठं व्हायची एवढी घाई बरी नाही. जन्मदाखला दाखवला, तर तो थोरल्या भावाचा असेल म्हणाले. गंमत म्हणजे पलीकडच्या मोठ्या केंद्रातल्या कायमच्या नोकरीचा माझा अर्ज मंजूर झालाय. पण आठवीतल्या मुलाला नोकरी देता येत नाही! केंद्रात आठवीपर्यंतचीच मुलं घेतात, म्हणून आठवी पास झालो तरच पटावरून माझं नाव निघणार आणि ती जागा मला मिळणार. केंद्राची वार्षिक परीक्षा सप्टेंबरात असते.

पालकसभेला तू येच. आई गेल्यापासून पालक तूच.
तुझा,
मुंगळ्या (इयत्ता आठवी)


ता. १४ ऑगस्ट

चि. मुंगळ्यास आशीर्वाद.

सुखरूप पोचले. साहेबांना फैलावर घ्यायचं ठरवूनच आले होते रे. पण तुझे कंडक्टरकाका म्हणाले की मुलगा गुणी आहे, फक्त गणितात कच्चा. झालं, माझं डोकंच फिरलं. आमच्या घरात गणितात कच्चं कुणी नाही, यावर मी अर्धा तास भांडले, आणि दाखला पिशवीतच राहिला.

निघताना ती सहावीतली, जिला तुम्ही सगळे वकील म्हणता, तिने माझा पदर धरला. दादा पास झाला की आम्ही कुठे बसायचं, असं तिने मला विचारलं.

पण ते सोड. कायमची नोकरी आहे, हातची घालवू नकोस. अभ्यास कर आणि पास हो.
तुझी मावशी


ता. २६ सप्टेंबर

ती. मावशीस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

सोबत प्रगतिपुस्तक जोडलंय. सगळ्या विषयांत नापास. चित्रकलेतसुद्धा.

खरं तर नापास होणं फार जड गेलं. मी पास झालो की केंद्र बंद होणार, हे मुलांना माहीत होतं, तरी त्यांनी जीव तोडून माझी तयारी करून घेतली. वकीलबाईंनी तर अपूर्णांक असे घोटून घेतले की झोपेतही येतील. पेपरात सगळं येत होतं, मावशी. प्रत्येक उत्तर आधी नीट काढलं आणि मग चुकीचं लिहिलं. मोठ्या केंद्रातली जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली. मी पुन्हा आठवीत.

मुलं नाचली. वकील मात्र कोपऱ्यात जाऊन रडत बसली. शिकवण्यात आपणच कमी पडलो, असं तिला वाटतंय. तेवढं मला बघवलं नाही.

खाली पालकाची सही हवी. रागव हवं तेवढं, पण सही कर.
तुझा,
मुंगळ्या


ता. २ ऑक्टोबर

चि. मुंगळ्यास.

वर आशीर्वाद मुद्दामच लिहिला नाही. दोन दिवस मी फणफणत होते. स्वतःच्याच पोटावर पाय देऊन परोपकार कसला करतोस, असं बरंच काय काय लिहिलं आणि फाडून टाकलं.

मग प्रगतिपुस्तक पुन्हा उघडलं. सगळीकडे लाल रेघा. आणि काय सांगू, कापायला घेतलेलं कापड तसंच टाकून मी ते दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवत सुटले. आमचा मुलगा सगळ्या विषयांत नापास झालाय, म्हणून सांगितलं. बायका माझ्याकडे बघतच राहिल्या.

सही केलीय. तू आधी त्या मुलीला बाजूला घेऊन खरं सांग. तिने शिकवलेलं तुला सगळं येत होतं, हे तिला कळलंच पाहिजे.

अनेक आशीर्वाद. पुढच्या वर्षीही असाच नापास हो.
तुझी मावशी