जंबोचा सोवळ्याचा मजला

१४ जानेवारी १९७३, रविवार. चिटगुप्पा.
डेट्रॉइटहून पाकीट आलं. माझी मेहुणी नलिनी हिचं बाळंतपण जूनमध्ये. सासूबाईंनी यावं, आणि त्यांना एकटीला झेपणार नाही म्हणून घरातलं कुणीतरी एक सोबत यावं. तिकिटं तिचा नवरा पाठवणार. घरातलं कुणीतरी म्हणजे मीच, घरजावई. हे कुणी बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. अख्ख्या चिटगुप्प्यात पर्स्पेक्टिव्ह समजणारा ड्रॉइंग मास्तर एकच आहे.
पाकिटात जंबो जेटची रंगीत चित्रं. विमानाला माडी आहे. वर जायला गोल जिना, वर सोफे. जेवण थंड झालं तरी बघत होतो.

१५ जानेवारी.
अडचण. सासूबाई बाळकृष्ण घेतल्याशिवाय कुठे जात नाहीत. चित्र बघून म्हणाल्या, "माडीवरची माणसं चालायलीत, त्यांचे पाय माझ्या देवाच्या डोक्यावर न्हाई का?" मी म्हणालो, तुम्ही वरच बसायचं. तर म्हणाल्या, त्या जिन्यावरून मी चढत नसते. सासूबाई नाहीत तर सोबत नाही, आणि सोबत नाही तर मी नाही. प्रश्न हातात घेतला.
उद्यापासून पहाटे उठून इंग्रजी बोलण्याचा सराव.

१६ जानेवारी.
थंडी फार. सराव उद्यापासून.

२१ जानेवारी, रविवार.
जंबोच्या डिझाईनमध्ये मूलभूत चूक सापडली. माडी फक्त पुढच्या कुबडावर आहे, मागे सगळं छप्पर वाया. मी ती शेपटीपर्यंत नेली. वरचा मजला पूर्ण सोवळ्याचा, खालचा ओवळ्याचा. स्वयंपाकघर वर. वरच्यांच्या डोक्यावर फक्त आकाश, त्यामुळे देवांची तक्रार नाही. इतकी साधी गोष्ट त्या इंजिनिअर लोकांना सुचू नये याचं वाईट वाटतं.

२३ जानेवारी.
संडास कुठे? वर ठेवला तर खालच्यांच्या डोक्यावर. खाली ठेवला तर वरचा माणूस खाली जाणार, ओवळा होणार, अंघोळ केल्याशिवाय वर येता येणार नाही. म्हणजे जिन्याच्या पायथ्याशी न्हाणीघर आणि हंडा. हंडा तापवायला चूल. मालतीला दाखवलं. मालती म्हणजे बायको. ती म्हणाली, विमानात लाकडं कोण फोडणार? स्त्रियांना टेक्निकल बाबी समजावणं अवघड.

४ फेब्रुवारी, रविवार.
निर्णय. सासूबाईंना सवय व्हावी म्हणून जंबोची माडी आपल्याच घराच्या सपाट छतावर, माळवदावर बांधायची, खऱ्या मापाची. शिवाप्पा सुताराला बोलावलं. अंगणातून वर जाणारा गोल जिना काढून दाखवला. त्यानं विचारलं, "मास्तर, सरळ जिना हाय की. मग हा फिरत फिरत कामून जायलाय?" मी म्हणालो, अमेरिकेत असंच असतं. पटलं असावं, कारण लगेच मापं घ्यायला लागला.

१८ फेब्रुवारी, रविवार.
काम जोरात. माळवदाच्या मध्यावर कुणीतरी विनाकारण विटा रचून ठेवल्या होत्या. डेकच्या आड येत होत्या. काढल्या, जिन्याच्या पायथ्याला लावल्या. त्या जागी कॅप्टनची खुर्ची बरोबर बसली.

२५ फेब्रुवारी.
जिना तयार. उद्घाटनाला मी स्वतः चढलो. तिसऱ्या पायरीवर थोडा थांबलो, निरीक्षणासाठी. शिवाप्पानं हात धरून वर घेतलं. वरून गावाचा पर्स्पेक्टिव्ह उत्तम दिसतो. उतरताना डोळे मिटलेले बरे.

११ मार्च.
माडीवर रोज बसतो. शाळेतून आलं की थेट वर, येरझाऱ्या घालत इंग्रजी. "एक्स्क्यूज मी, मॅडम इज इन सोवळं." सासूबाई अजून चढलेल्या नाहीत. मालती मात्र दिवसातून चारदा चढउतार करते. कामून विचारलं तर म्हणाली, पापड वाळायलेत.
लाड्या शिंप्याकडे अमेरिकेसाठी पॅन्ट शिवायला टाकली.

४ एप्रिल, पाडवा.
गुढी उभारायला सासूबाई जुन्या सरळ जिन्यानं माळवदावर आल्या. माझं डिझाईन बघून एवढंच विचारलं, "जावईबापू, इथल्या विटा कुठं हायत?"
त्या विटा म्हणजे खाली देवघर असल्याची खूण म्हणे. तिथे कुणाचा पाय पडू नये म्हणून सासऱ्यांनी स्वतः रचल्या होत्या. म्हणजे कॅप्टनची खुर्ची बाळकृष्णाच्या डोक्यावर, आणि माझ्या येरझाऱ्या बाकीच्या देवांच्या.
मी म्हणालो, इतके दिवस देव काही बोलला नाही म्हणजे त्याची हरकत नसावी. सासूबाईंनी गुढी तशीच माझ्या हातात दिली आणि खाली गेल्या. पुरणपोळीला हात लावला नाही. मी लावला, पण चव लागली नाही.

५ एप्रिल.
गोमूत्र शिंपडणं, अभिषेक. माडी शिवाप्पाकडून गोठ्यावर हलवली. सगळं डिझाईन तसंच आहे.

८ एप्रिल.
म्हैस दूध द्यायला तयार नाही. डोक्यावर चाललेलं तिलाही चालत नाही, असं मालतीचं म्हणणं. वैरण बदलून बघणार आहे.

१५ एप्रिल, रविवार.
विजय! सासूबाई जायला तयार. म्हणाल्या, "घरचाच माणूस इतके दिवस देवावर नाचला, तिथं तर परकी हायत बिचारी, त्यांना काय बोलावं." शिवाय देव आता शुद्ध केलाय, त्याला हलवायचा नाही, तो घरीच राहील. म्हणजे शेवटी माझ्या डिझाईनमुळेच हे जमलं. पॅन्ट आणली. कंबरेत घट्ट आहे. उद्यापासून रात्रीचा भात बंद.

२२ एप्रिल.
मालतीनं फोटो काढून घेतला. हौस म्हणून असेल. भात कमी केलाय.

६ मे, रविवार.
सासूबाईंनी मालतीसाठी नवीन चपला आणल्या. बंद पायाच्या. सासूबाई मला पूजेचे मंत्र पुन्हा म्हणायला लावतात. देवापासून लांब राहणार, म्हणून काळजी असेल.

१३ मे.
कळलं. मालती जाणार. देव घरी राहिला तर पूजा कुणीतरी करायला हवी, आणि ज्याचे पाय त्याचेच हात, हा सासूबाईंचा निवाडा. मी म्हणालो, बरोबर आहे. रात्री भात वाढून घेतला.

२७ मे.
दोघींना हुमनाबादच्या स्टँडवर बसवून आलो. तिथून हैदराबाद, मग मुंबई. मालतीला सांगितलं, माडीवर गेलीस तर छताची उंची बघून ये, सोफ्याचा कोन बघ. ती म्हणाली, म्हशीला वेळेवर पाणी दाखवा.

१० जून.
नलिनीला मुलगी झाल्याची तार. रोज अंघोळ, पंचा, पूजा. पॅन्ट ट्रंकेत.

९ सप्टेंबर, रविवार.
मालती आली. सासूबाई अजून दोन महिने तिकडेच. चहा होईपर्यंत धीर धरला, मग विचारलं. त्यांची जागा खालीच होती. पण म्हातारी लुगडं नेसलेली बघून हवाई बाईंना कौतुक वाटलं, त्यांनी दोघींना वर नेलं आणि सोफ्यावर बसवून फळांचा रस दिला. सासूबाई सगळ्या पायऱ्या चढल्या. मी विचारलं, वर कसं होतं? म्हणाली, "बारकं हाय. आपलं मोठं होतं." छताची उंची? "बघितली न्हाई." सोफ्याचा कोन? "मऊ होता."
मग मी म्हणालो की मला जायचं होतं. पहिल्यांदाच म्हणालो, याआधी कधी तोंडून निघालंच नव्हतं.
मालतीनं कप खाली ठेवला. म्हणाली, "मग सांगायचं न्हाई व्हय? आईनं पयलं तुमचंच नाव घेतलं होतं. आम्ही वाट बघितली, तुम्ही काही बोलला न्हाईत. आम्हाला वाटलं, तुम्हाला नुसतं बांधायचं हाय."

१० सप्टेंबर.
पूजा केली. शाळा. सहावीला फुलदाणी काढायला दिली.