सोडू का?

तारीख ४, सोमवार

आले बाई एकदाची! पिशव्या तीन, गुडघे दोन, त्यातला एक नावापुरता. नातीने दारातच मिठी मारली, तर तिच्या अंगाला लाकडाच्या भुश्याचा आणि पेट्रोलचा वास. लहानपणी मी हिला खारूताई म्हणायचे, कारण माळ्यावर, कपाटावर, जिथे नको तिथे चढून बसायची. आता तेच पोटापाण्याचं झालंय. दोराला लटकून झाडं छाटते, वाळकी फांदी काढते, कीड लागलेल्या झाडावर इलाज करते. बसमध्ये शेजारणीला मी सांगितलं, माझी नात झाडांची डॉक्टर आहे. तिला वाटलं म्हातारी फेकतेय.

ही वहीही नातीनेच दिली. दोर तपासल्याची नोंद ठेवायचं जुनं रजिस्टर आहे, अर्धं कोरं. म्हणाली, आज्जे, दिवसभर भिंतींशी बोलशील, त्यापेक्षा यात लिही. माझी शाळा तिसरीपर्यंत. मग धाकटा भाऊ झाला आणि त्याला खेळवायला मला घरी बसवलं. तो आता टकला झालाय आणि मलाच शुद्धलेखन शिकवतो. असो.

घर दोन खोल्यांचं, पण पुढची पडवी ऐसपैस. तिथे खुंट्यांवर दोर, कमरेचे पट्टे, हेल्मेटं, कानाची झाकणं, सगळं कसं मापात टांगलेलं. माणसं तीन. नात, गाडी चालवणारा नातजावई, आणि तिसरा त्यांचा झाडाखालचा माणूस. त्याचा आवाज असा की त्याचं नावच भोंगा पडलंय.

आल्या आल्या एक गंमत झाली. नातीने माझी पिशवी उचलली, मी म्हटलं, सोड गं, मी घेते. तर तिघंही दचकले! भोंग्याने तर वरच बघितलं. मग मला समजावलं. झाडावरचा माणूस फांदी खाली टाकायच्या आधी ओरडून विचारतो, सोडू का? भोंगा चारी बाजूंना बघतो, खाली कुणी नाही ना, आणि मग ओरडतो, सोड! तो शब्द त्याच्याखेरीज कुणी काढायचा नाही, घरातसुद्धा नाही. आणि थांबवायचं असेल तर सोडू नको असंही म्हणायचं नाही, कारण नको वाऱ्यावर उडून जातं आणि वरच्याला नुसतं सोडू ऐकू येतं. सरळ म्हणायचं, थांब.

आता माझ्या बोलण्यातून सोड काढला तर उरलं काय? विषय सोड, हट्ट सोड, त्याने बायको सोडली, मी घर सोडलं. हसून हसून पोट दुखलं माझं.

तारीख ६, बुधवार

मला नोकरी लागली! चाळीस वर्षं शिवणकाम केलं, बोटांना अजून डोळे आहेत. नातीने दोर मांडीवर दिला आणि म्हणाली, वीतभर वीतभर चाचपत जा. कुठे मऊ लागला, कुठे चकचकीत, कुठे एखादा धागा तुटलेला, तिथे खूण कर. एक जागा मी शोधली जी तिलाही दिसली नव्हती. तिने तो दोर तिथल्या तिथे बाद केला आणि माझे हात डोळ्यांना लावले. मी म्हटलं, पुरे, नाटकं.

दुपारी मात्र शहाणपणा नडला. तिच्या कामाच्या पँटला भोक होतं, मी ते सुबक शिवून टाकलं. तर म्हणे त्या पँटच्या पोटात सैल धागे भरलेले असतात, करवत पायावर आलीच तर ते धागे तिच्या दातांत गुंततात आणि ती जागच्या जागी अडते. मी शिवले म्हणजे धागे बांधून टाकले. पँट गेली. नात रागावली आणि मग माझं तोंड बघून हसत सुटली. जास्त काळजी घेतली की असं होतं, म्हणाली. गाठीही शिकवतेय मला. एक अशी आहे की ओढाल तेवढी घट्ट.

घरामागे एक निलगिरी आहे. पांढरी, उंच, सालीच्या लांब चिंध्या लोंबताहेत. सर्दीच्या औषधाचा वास येतो. अर्धी वाळलीये आणि तिचा मोठा फाटा शेजारच्या पाळणाघराच्या अंगणावर गेलाय. मुलं तिथेच खेळतात. या घरात राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात नातीने तिच्यावर चढून पाहणी केली होती. बावीस तारखेला ती स्वतः काढणार आहे.

तारीख ८, शुक्रवार

आज वाचले. मंडळी कामावर, मी मागच्या अंगणात खुर्ची टाकून दोर चाचपत होते. भर दुपार, पान हलत नव्हतं. वरून नातीचा आवाज आला, सोडू का? मला वाटलं, आली वाटतं लवकर, आणि चढलीही. चहा टाकायला म्हणून मी उठले आणि सवयीने म्हणून गेले, सोड गं, सोड.

मांडीएवढी फांदी खुर्चीवर पडली. खुर्चीचे तुकडे झाले.

वर कुणी नव्हतं. नात संध्याकाळी आली, घाबरली, मला पोटाशी धरलं. म्हणाली, निलगिरीची वाळकी फांदी वारा नसतानाही आपोआप मोडते. असेल. पण मोडकी फांदी चिरफाळलेली असते, एवढं मलाही आता कळतं. हिचं टोक गुळगुळीत होतं. नातीनेही त्यावरून बोट फिरवलं.

तारीख १२, मंगळवार

मागे जायचं नाही असं ठरवलं होतं. पण स्वयंपाकघराची खिडकी मागेच उघडते. तीन वाजता झाडाने विचारलं, सोडू का? या वेळी नातीचा आवाज नव्हता.

माझा होता. घोगरा, शेवटी जरा वर जाणारा. मी कांदा तोंडात कोंबला आणि उभी राहिले. परत विचारलं. आणि तिसऱ्यांदा, लाडात येऊन, मी नातीशी बोलते तसं.

उत्तर दिलं नाही. काही पडलं नाही. म्हणजे मला समजलं ते असं. नात चढली तेव्हा तिचा आवाज याने घेतला. मी उत्तर दिलं तेव्हा माझा घेतला. आणि जो सोड म्हणतो, त्याच्यावरच ते सोडतं.

तारीख १५, शुक्रवार

नातीला सांगितलं सगळं. तिने नीट ऐकलं, मधे एकदाही हसली नाही, त्याचंच वाईट वाटलं. मग जावयाने मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कान स्वच्छ. डॉक्टर म्हणाला, या वयात असा कान नशीबवानाला. मी काय पेढे वाटू?

भोंगा एकटा माझी चेष्टा करत नाही. म्हणाला, आजी, रविवारी ही दोघं करवतीला धार लावायला जातात, तेव्हा मी येतो, दोघं मिळून ऐकू. माझा जीव भांड्यात पडला. एका साक्षीदाराने ऐकलं की नात चढणार नाही.

तारीख १७, रविवार

मीच बोलावलं त्याला. मीच.

बजावलं होतं, काही झालं तरी उत्तर द्यायचं नाही. तो म्हणाला, आजी, मी काय शेंबडा पोर आहे का? भिंतीला टेकून बसलो दोघं. सुट्टी म्हणून त्याच्या डोक्यावर हेल्मेटही नव्हतं. तीन वाजता नातीचा आवाज आला, सोडू का? आणि पंधरा वर्षांची सवय त्याची — चारी बाजूंना मान फिरवली आणि ओरडला, सोड!

त्याचं तोंड उघडंच राहिलं. माझ्याकडे बघितलं त्याने. तेवढ्यात —

खांदा आणि तीन बरगड्या. जिवंत आहे. इस्पितळात नातीचा हात धरून म्हणाला, तुझाच आवाज होता. तिने त्याला थोपटलं. बाहेर येऊन मला म्हणाली, दुखणं थांबवायच्या औषधाने माणूस बरळतो.

तारीख १९, मंगळवार

पाप केलं. रजिस्टरमध्ये सगळे दोर बाद लिहिले. एक, दोन, तीन, चार, पाच, बाद, बाद. दोर नाही तर चढणं नाही. नातीने एकेक दोर बोटांतून काढला. सगळे धडधाकट. रागावली नाही. एवढंच म्हणाली, आज्जे, तुझ्या बोटांवर माझा जीव टांगलेला असतो, तूच खोटं लिहिलंस तर मी कुणाला विचारू?

रात्र रडून काढली.

तारीख २०, बुधवार

मोठ्या फाट्याला तडा गेलाय. आता बावीसची वाट बघायची नाही म्हणते, उद्याच. पाय धरले मी तिचे. नातीचे पाय, या वयात. म्हणाली, आज्जे, खाली दोन-दोन वर्षांची पोरं खेळतात, एखाद्यावर पडली तर? झाडाला ठाऊक असेल का, की याला उत्तर नाही?

एवढं कबूल केलं तिने. उद्या तो शब्द नाही. फांदी टाकताना जावई खालून शिट्टी वाजवेल. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, आज्जे, मी सोडू का असं विचारणार नाही.

मी एक काम मागून घेतलं. पाण्याची बाटली वर पाठवायची बारीक दोरी मी धरणार. मागच्या दारात, पत्र्याखाली बसून. तिथून ती दिसत नाही, पण दोरी तर हातात असेल.

तारीख २१, गुरुवार

वारा नाही. पाळणाघर बंद ठेवलंय. तोंडाला ओढणीची पट्टी बांधलीये, माझ्या जिभेचा भरवसा नाही. नातीने शिकवलेली गाठ मारली. ती बघून हसली. म्हणाली, आज शांतता.

९.४० — चढली. दोर तीन नंबर. मी दोनदा चाचपलाय. चांगला आहे. खरंच चांगला आहे.

९.५५ — शिट्टी. फांदी पडली. ठीक.

१०.१५ — शिट्टी. ठीक. जावयाने हात केला. मीही केला.

१०.३० — बाटली वर गेली. दोरी माझ्या मनगटाला.

१०.४० — विचारलं. नातीचा आवाज, पण ती शेंड्यात आहे आणि आवाज मधल्या खोडातून. कुणी उत्तर दिलं नाही. जावई शिट्टी धरून उभा. शाबास रे.

१०.४५ — भोंग्याच्या आवाजात. दोनदा. सगळे गप्प. देवा, सगळे गप्प राहिले. वर करवत चालू, दोघांच्या कानांवर झाकणं, त्यांना ऐकू तरी गेलं की नाही कोण जाणे.

१०.५० — झाड शांत. करवतही बंद. जावई फांद्या ओढत गाडीकडे गेला. दमलं असेल. गेलं असेल. कदाचित —

१०.५२ — खालून. बुंध्यापासून. माझ्या आवाजात. खारूताई, सोडू का गं?

मी नाही. मी इथे आहे, तोंड बांधून —

दोरी ओढली मी, तिला कळावं म्हणून. चुकलं. चुकलं. आता तिला वाटेल आजी दोरीचंच विचारतेय —

विचारणार नाही अशी शपथ होती. उत्तर देणार नाही अशी नव्हती —

थांब म्हणायचंय. एवढंच. थांब. पट्टी निघत नाही — गाठ — ओढाल तेवढी घट्ट —

हसली ती. वरून. लाडाने. म्हणतेय, हो गं आज्जे, सो