नेपाळची सडक आणि सुगंधाचा पाट

मु. कुरखेडा, ता. १२-९-५६

चि. खुशालले सुगंधाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इथी समदे खुशाल, नावाचा खुशाल तेवढा परदेशात. नेपाळच्या डोंगरात सडक बांधून राह्यला, कानाले दुपट्टा गुंडाळत जा.

एक गोष्ट लिहितो, हासू नको. वारलू तुले ठाऊक आहे, आपल्या बाबासंगं तलावात जाळं टाकायचा तो. त्याची बायको जाऊन चार वर्षं झाले, माहा मालक जाऊन सहा. परवा सकाळी तलावावर धुकं होतं. त्यानं डोंगा काठाशी आणला, माह्यासंगं पाट लावतं का, दुसरं लगन करतं का म्हणून मले विचारलं, अन् उत्तर न आयकताच धुक्यात निघून गेला. मले वाटलं, सपनच पडलं. पण सांजेले पंचाकडून निरोप आला. मायबाप नाई, तर भाऊ म्हणून तू समोर उभं राहून होकार द्यावा, कागद चालत नाई, म्हणतात. दिवाळीले सुटी घेऊन ये.

माही माया तुह्यावर आहेच, तिले थंडी नको लागू देऊ.

तुही बाई, सुगंधा


मु. भैंसे, नेपाळ, ता. २२-१०-५६

ती. बाईस खुशालचा दंडवत. वि. वि.

हासलो नाई, डोळे मात्र भरले. वारलूभाऊ चांगला माणूस आहे. पण बाई, सुटी रद्द झाली.

आपल्या सरकारनं नेपाळले बांधून दिलेली ही सडक होत आली, आम्ही तंबू गुंडाळत होतो. तेवढ्यात खबर आली का चीननंही नेपाळले कारखान्यासाठी मदत देऊ केली. आमच्या साहेबाच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणे, एक सडक देऊन आपण शेजारी आपला समजून बसलो. आता थांबलो तर मागं पडू. लगेच दुसऱ्या सडकेची मोजणी सुरू. कोणालेच घरी जाता येत नाई. इथला भारे वाहणारा म्हातारा मात्र खुशीत आहे. म्हणे, दोन मामाची चढाओढ लागली का भाच्याले दोन आंगडे भेटतात.

सकाळी सडकेच्या खाली ढग भरतात. वाटते, आपला तलावच डोंगर चढून आला. मी काठावर पाय सोडून बसतो, अन् गावाचं नावही आठवत नाई.

फागुनात नक्की येतो. तोवर रागावू नको, एवढंच मागणं.

तुहा खुशाल


मु. कुरखेडा, ता. १८-३-५७

चि. खुशालले अनेक आशीर्वाद. वि. वि.

फागुनातही सुटी नाई, हे तुहं कार्ड भेटलं. चीन कुठी, नेपाळ कुठी, अन् आपलं कुरखेडा कुठी! पण तिकडं दोघांची चढाओढ लागली का इकडं माहा पाट थांबते. मी लय विचार केला. ते दोघं काही लवकर दमणार नाई.

काल पंच बसले. पत्रू पंचानं विचारलं, हिले देते कोण?  पळसाचे फुलं एक एक खाली पडत होते, तेवढाच आवाज. वारलू मान खाली घालून बसला होता. मी पदर सावरून उभी राह्यली. म्हटलं, माहा भाऊ दुसऱ्याच्या देशात सडक बांधून राह्यला, त्याले येता येत नाई. मीच मले देतो.

पत्रू पंच म्हणे, असं कधी झालं नाई. मंग त्याची बुढी माय नीलाबाई हासली. म्हणे, देणारी कबूल, घेणारा कबूल, तू काऊन अडून राह्यला? पाट लागला, बाबू. माहे पाय जमिनीवर होते का नाई, मले आठवत नाई.

आता मी वारलूच्या घरी राहतो. सुटी भेटली का ये. होकार द्यायले नाई, जेवायले.

तुही बाई, सुगंधा