हिरव्या फिचाची वारस

मी, विदोसावा पेत्रोनियेविच, जन्म सन १९४४, राहणार अरिल्ये, आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेली फिरती परिचारिका, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते आज लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डाव्या कानाने कमी ऐकू येते. पण डोके ठिकाणावर आहे आणि कोणी मागे उभे राहून माझ्याकडून हे लिहवून घेत नाही. मुलगा नेबोय्शा घरात आला की सल्ले देतो, म्हणून त्याला रासबेरीच्या मळ्यात पाणी सोडायला पाठवले आहे.

कलम पहिले. घर आणि मागचा रासबेरीचा मळा नेबोय्शाला मिळावा. बांधावरचा अक्रोड त्याने तोडू नये. शेजाऱ्याची सावलीची तक्रार मी उभा जन्म ऐकली. आता त्याने ऐकावी.

कलम दुसरे. बँकेतल्या शिलकीतून माझे दफन आणि चाळिसाव्या दिवसाचे जेवण करावे. रडणारे कमी आणि खाणारे जास्त बोलवावेत. उरेल ते नेबोय्शाचे.

कलम तिसरे. माझे यजमान मिलुतिन ज्या तांब्याच्या भट्टीत आलुबुखाराची दारू गाळत, ती भट्टी माझे दीर तिहोमिर यांना द्यावी. ते १९७९ पासून माझ्याशी धड बोललेले नाहीत. त्याचे कारण इथे लिहिते, नाहीतर गावात त्यांच्या बाजूची गोष्टच तेवढी उरायची.

त्या वर्षी डोंगरातल्या वाड्यांवर बाळंतिणी तपासायला जाण्यासाठी मला गाडी हवी होती. नवी आवाक्याबाहेर होती, म्हणून जुनी फिचा, म्हणजे मागे इंजिन असलेली ती चिमुकली गाडी, घ्यायचे ठरले. तिहोमिरनी एक शोधून आणली. लाल, आरशासारखी लखलखीत. अंगणात लावली आणि म्हणाले, "वहिनी, डोळे मिटून घ्या!"

"डोळे मिटून मी फक्त झोपते, भावजी," मी म्हटले.

मला पेशंट तपासता येतो, तशीच गाडी तपासली. आधी मागच्या इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला. गरम लागले.

"सकाळी चालवलीत?"

"तुम्ही येणार म्हणून जरा तापवून ठेवली."

जो गाडी आधीच तापवून ठेवतो, त्याला थंड इंजिन कसे कुंथते ते दाखवायचे नसते. मग फलालीनच्या चिंधीत गुंडाळलेला लोहचुंबक मी दाराखालच्या पट्टीला लावला. पत्रा असेल तर चुंबक धरतो. रंगाखाली गंज खरवडून लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तर पडतो. तो पडला. दुसऱ्या बाजूला लावला, तिथेही पडला.

"चुंबक बिघडलाय," तिहोमिर म्हणाले.

मी तो त्यांच्या पट्ट्याच्या बकलाला लावला. घट्ट चिकटला. मिलुतिनना हसू आवरेना, आणि तिथेच घात झाला. तिहोमिरनी इरेला पेटून ती लाल गाडी स्वतःच घेतली. घराण्याच्या संताच्या सणाला पाद्रीबाबांना आणायला गेले, आणि वाटेत बाबांची सीट तळ फोडून खाली बसली. बाबांना खरचटलेही नाही. पण तो तळ जणू मीच कुजवला, असे दीर आजवर माझ्याकडे बघतात. त्यांनी भट्टी घ्यावी, गाळावी, आणि पहिल्या पेल्यातली थोडी माझ्या नावाने जमिनीवर सांडावी. माझ्याकडून भांडण मिटले.

कलम चौथे. माझी फिचा. हे कलम लांबेल. साक्षीदारांनी कॉफी घ्यावी.

ही मी इव्हानित्सा येथे एका वनरक्षकाच्या विधवेकडून घेतली. हिरवा रंग विटलेला, मडगार्डला पोचे. पोचे लपवलेले नव्हते, हे मला आवडले. रबरी चटया उचलून तळ अंगठ्याने दाबला, टणक होता. पुढचे झाकण उघडून बॅटरीखालचा पत्रा पाहिला, कारण ॲसिड गळून तो सगळ्यांत आधी खाल्ला जातो. जॅक लावून पुढचे चाक वरून-खालून धरून हलवले, खडखड नव्हती. पत्र्यात ठोकलेला क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळवला. दार उघडून वर उचलून पाहिले, बिजागऱ्या सैल नव्हत्या. मग थंड इंजिन सुरू केले. निळा धूर नव्हता, तेलाच्या झाकणाला आतून दुधाळ फेस नव्हता. शेवटी इंजिनाची गरम हवा गाडीत सोडणारी झडप उघडून समोर तळहात धरला. ऊब आली, आणि तिला धुराचा वास नव्हता.

म्हातारी दारातून म्हणाली, "बाई, गाडी घेताय की सून करून नेताय?"

त्या उबेची किंमत मला पुढे एका फेब्रुवारीत कळली.

ब्रेझोवा वाडीवर स्तामेना नावाची पहिलटकरीण अडली होती. भर दुपार, पण बर्फाने आभाळ आणि जमीन एक झालेली. रुग्णवाहिका खाली पुलापाशीच घसरत राहिली. फिचाचे इंजिन मागच्या चाकांवरच बसलेले, त्यामुळे चाके बर्फात रुतून पकड घेत. ती चढली. फाटकात स्तामेनाचे सासरे ओब्राद उभे होते.

"हे काय आणलंस, पोरी? माझी डुकरीण हिच्यापेक्षा मोठी आहे!"

"डुकरीण घाट उतरते का, आजोबा? नाही ना? मग बसवा सुनेला."

ते फावड्याने बर्फ सारत गाडीपुढे चालू लागले. उतारावरच्या बीचच्या झाडांपाशी स्तामेना किंचाळली, "सिस्टर, थांबा! आलं!"

मी गाडी थांबवली, पण इंजिन चालू ठेवले. मूल मागच्या सीटवर जन्मले. मुलगी. निळसर आणि गप्प. नाक-तोंड साफ केले, पाठ चोळली. काही नाही. झडप पूर्ण उघडली, त्या उबेत तिला धरले आणि चोळत राहिले. बाहेर कसलाही आवाज नव्हता. मागे तेवढे ते लहानसे इंजिन एका ठेक्यात घुरघुरत होते. मी देवाला फार त्रास दिलेला नाही. त्या दिवशी तर देव आठवलाच नाही. मी इंजिनाला म्हटले, थांबू नकोस गं.

मग मुलीने श्वास घेतला. आणि असे रडली, की त्या डबीएवढ्या गाडीत आवाज मावेना.

ओब्राद काचेतून बघत होते. त्यांनी टोपी काढली. मला वाटले, नातीसाठी. पण ते गाडीच्या मागे गेले, इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला आणि तसेच उघड्या डोक्याने बर्फात उभे राहिले. मी कधी कोणाला यंत्रासमोर असे उभे राहिलेले पाहिले नव्हते. मुलीचे नाव यासना. ती आज स्वतः आई आहे.

आता वारसाबद्दल. नेबोय्शाची मुलगी तेओदोरा नोव्ही सादला शिकते. या उन्हाळ्यात तिचा फोन आला.

"आजी, मला एक फिचा सापडलीये! अगदी नवीकोरी दिसते."

"दिसते म्हणतेस ना? मग मी येते."

तिने स्वतः सगळे तपासले, मी खुर्चीवर बसून पाहिले. तिने लावलेला चुंबकही पडला. विकणारा तरुण म्हणाला, "आजीबाई, पन्नास वर्षांची गाडी आहे, थोडंफार चालायचंच."

"गंज चालेल रे बाळा. लपवलेला नाही चालत."

ती गाडी सोडून ती माझ्याबरोबर इथे अरिल्येला आली आणि थेट माझ्या गाडीखाली शिरली. फार वेळाने बाहेर आली, केसांत गंजाची भुकटी. तिने एकेक सांगितले: डावीकडचा तळ दोनदा जोडलेला, उजवे चाक हलते, दार लोंबते, तेल ठिबकते. सगळे खरे होते. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "आजी, ही अजून उभी कशी आहे?"

"मलाही ठाऊक नाही," मी म्हटले.

"मला हीच हवी."

सबब फिचा तेओदोराला द्यावी. नेबोय्शाने जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या परदेशी शौकिनांचे फोन घेणे बंद करावे. गाडी काचेमागे ठेवू नये, चालवावी. पुढे कधी विकावी लागली तर घेणाऱ्याला आधी तिच्याखाली झोपू द्यावे.

हे लिहीत असताना तेओदोरा अंगणात पुन्हा गाडीखाली आहे. नुसते पाय दिसतात. जेवायला हाक मारली, तर म्हणते, "थांब गं आजी, इथे काहीतरी वेगळंच आहे. तू बघितलं होतंस?" मी बघितलेले नाही. इतकी वर्षे ती गाडी माझ्या हाताखाली होती, आणि तिच्यात मला न दिसलेले काही अजून शिल्लक आहे, याने माझ्या अंगावर काटा आला आहे. सही करते आणि बघायला जाते.

हा कागद मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर माझा म्हणून सांगितला.

(सही) विदोसावा पेत्रोनियेविच

साक्षीदार:
(सही) रादोइका ग्लिशिच, औषधविक्रेती, अरिल्ये
(सही) व्लास्तिमिर योविचिच, निवृत्त टपाल कर्मचारी, अरिल्ये

अरिल्ये, दिनांक १४ ऑक्टोबर २०२३