मागच्या फळीत चिठ्ठी नव्हती

प्रिय अब्बा,

तुम्ही गेल्यापासून मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुमच्या शोकसभेत मात्र पाऊण तास बोलले. लोकांचे डोळे पाणावले. घरी आल्यावर अम्मी एवढंच म्हणाली, "अच्छा बोली. पर तेरे अब्बा कू इत्ता सुनने की आदत नै थी."

आज लिहितेय, कारण आज बोलण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. शनिवार आहे, दुपारचे तीन वाजलेत. मी अंगणात, तुमच्या बोटीत बसलेय. उद्या सकाळी सात वाजता टेम्पो येणार होता. केम गावाच्या पलीकडे, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर सुलाबाईंच्या वस्तीवर मांडव घातलाय. सोमवारी दिवाळीची सुट्टी संपून पलीकडच्या काठावरची शाळा उघडते, आणि उद्या या बोटीची पहिली फेरी ठरली होती. तारीख मी दिलीय. पुन्हा एकदा, तुमच्या मुलीनं, स्टेजवरून!

आणि अब्बा, बोटीची मागची फळी कुजलेली निघाली.

तुम्हाला हे माहीत होतं. मला माहीत नव्हतं. मला ते कळू का दिलं नाहीत?

ही बोट आपल्या बोळात आली तो दिवस आठवतो? कुठल्याशा भंगाराच्या लिलावातून तुम्ही ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून आणली होती. माझ्यापेक्षा वयानं मोठी बोट. पुढची काच पिवळी पडलेली, सुकाणू जुन्या मोटारीच्या चाकासारखं, अंगावर रंगाचे पाच-सहा थर. बोळ बंद झाला. शेजारचे हमीदचाचा गच्चीवरून ओरडले, "क्या भाई, नळ कू पानी नै, और तुम कश्ती लाए! नूह का तूफान आनेवाला है क्या?" नूह पैगंबरांच्या महापुराची आणि नावेची गोष्ट बोळात सगळ्यांना माहीत. तुम्ही वर न बघता म्हणालात, "आया तो तेरेकू नै बिठाता." अख्खा बोळ हसला होता.

जन्मभर तुम्ही फायबरच्या कूलरच्या पेट्या आणि पाण्याच्या टाक्या केल्यात. आयुष्यात एकदा पाण्यावर चालेल असं काही करायचं होतं तुम्हाला. केवढं साधं स्वप्न होतं ते! आणि त्यावर भाषण कोणी ठोकलं? मी.

तुमची एक रीत होती. कुठलंही काम संपत आलं की शेवटच्या थराआधी तुम्ही बिस्किटाच्या डब्यातून कागदाची एक चिठ्ठी काढायचात. बोटभर लांब, तिच्यावर काळ्या शाईनं ७८६, म्हणजे अल्लाचं नाव. ती ओल्या राळेत, म्हणजे फायबर घट्ट करणाऱ्या त्या चिकट रसायनात दाबायची, वर फायबरची जाळी, वर पुन्हा राळ. राळ सुकली की काचेखाली ठेवल्यासारखा आकडा दिसायचा. कॉलेजात असताना मी तुम्हाला यावरून किती छळलं! "अब्बा, टाकी गळायची तर चिठ्ठी टाकूनही गळेल." तुम्ही म्हणायचात, "गळनेवाली में मैं डालताच नै."

मी हसले होते. तेव्हा ऐकायला हवं होतं.

नऊ वर्षांपूर्वी आपण दोघं त्या वस्तीवर गेलो. मला डिसेंबरात बायकांच्या मेळाव्यात बोलायला बोलावलं होतं, तुम्ही पिशवी धरायला आला होता. सुलाबाई माईकसमोर उठून म्हणाल्या, "आमच्या पोरी सातवीनंतर घरी बसत्यात. साळा पलीकडं दिसती, पर जायचं कसं? रस्त्यानं पान्याला वळसा घालून जायाचं म्हंजी अर्धा दीस." मी तुमच्याकडे बघितलंही नाही. स्टेजवरून सांगून टाकलं, "माझ्या घरी बोट आहे! सव्वीस जानेवारीला ती या काठाला लागेल!" काय टाळ्या पडल्या! त्या टाळ्यांत मी अशी चढले होते की खाली बसलेल्या तुमचा चेहरा मला दिसलाच नाही.

परतीच्या एसटीत तुम्ही बार्शीपर्यंत हातातल्या तिकिटाच्या घड्या घालत बसलात. मग म्हणालात, "बेटा, राळ कू सुखने कू टैम लगता."

मी म्हणाले, "अब्बा, समाजाला नाही लागत का टैम? कुणीतरी ढकलावं लागतं!" काय हे वाक्य! तेव्हा मला फार आवडलं होतं.

मग तुम्ही महिनाभर राबलात. आणि पंचवीस तारखेच्या सकाळी हात पुसत घरात आलात आणि म्हणालात, "बोट नै जाती." कारण सांगितलं नाहीत. मी चिडले, रडले, आरडाओरडा केला. तुम्ही पायांतल्या चपलांकडे बघत उभे.

दुसऱ्या दिवशी मी वस्तीवरच्या मांडवात उभी राहिले, बोटीशिवाय. लोकांना कुणीतरी दोषी हवा होता आणि मी तो दिला. म्हणाले, "परिवर्तन अडवायला बाहेरचे शत्रू लागत नाहीत. घरातलाच भित्रेपणा पुरतो. हात आहेत, पण हिंमत नाही!" तुम्ही पहिल्या रांगेत होता. माझ्यासोबत का आला होतात, अब्बा? घरी थांबायचं होतंत!

त्यानंतर बोटीवर ताडपत्री पडली. आपण दोघं तिच्याबद्दल एक शब्द बोललो नाही. नऊ वर्षं मी येता-जाता तिच्याकडे बघायचे ते ती तुमच्या भित्रेपणाचा पुतळा असल्यासारखं. आणि गेल्या थंडीत तुम्ही चहाचा कप हातात असतानाच गेलात.

मार्चमध्ये मी ताडपत्री काढली. सिद्रामकाकांना बोलावलं. तुमचे तेच सुतार दोस्त, अक्कलकोटचे, चिडले की कानडीत शिव्या देणारे. मला वाटलं होतं, एवढी पुस्तकं वाचलीत, हेही वाचून जमेल. मे महिन्यात भर दुपारी मी राळेत ती सुकवणारं हार्डनर ओतलं, थंडीत जेवढं घालतात तेवढंच. दोन मिनिटांत डबा तापला, धूर निघाला, ब्रश आतच दगड झाला. काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "अय्यो! सोलापूरच्या उन्हाला भाषान देऊन थंड करशील व्हय गं?"

हळूहळू शिकले. घासायला शिकले. लाकडी हातोडीनं ठोकून ऐकायला शिकले. नव्या पेठेच्या कोपऱ्यावर आपण माठ घेताना टिचकी मारून बघतो, तसंच. चांगलं फायबर खणखणतं. आत हवा किंवा पाणी शिरलं असेल तर भद्द वाजतं. जिथे भद्द, तिथे खडूची फुली. तळ, बाजू, नाक, सगळं मी ठोकलं. घासता घासता ठिकठिकाणी तुमच्या चिठ्ठ्या सापडत गेल्या. खरं सांगू? प्रत्येक वेळी हात थांबायचा.

फक्त मागची फळी मी ठोकली नाही. तिथेच तर इंजिन लटकतं, सगळा भार, सगळा जोर तिच्यावर. आत प्लायवूड, बाहेरून फायबर. पण ती सगळ्यात गुळगुळीत होती, सगळ्यात नवी दिसत होती, तुमच्या हातची होती. काका दोनदा म्हणाले, "पोरी, मागची फळी उघडून बघू की." मी म्हणाले, "काका, अब्बांच्या कामावर संशय घेता? आणि वेळ कुठाय? तारीख ठरलीय."

हो. पुन्हा तारीख. गणपतीतल्या व्याख्यानात जीभ सुटली आणि तारीख देऊन बसले. माणूस शिकत का नाही हो, अब्बा?

आज सकाळी इंजिनासाठी फळीला भोकं पाडायला घेतली. पहिल्या भोकातून ड्रिल बाहेर काढलं, तर टोकाला ओला काळा भुसा. चहाच्या चोथ्यासारखा. दुसऱ्या भोकातही तेच. मी हातोडी घेतली आणि पहिल्यांदा ती फळी ठोकली.

भद्द. भद्द. भद्द.

काकांनी ड्रिलचा प्लग काढला. माझ्या डोक्यात मात्र मांडव उभा राहिला. खुर्च्या, लाऊडस्पीकर, नव्या रिबिनी लावलेल्या मुली. आणि मी जे बोलले ते तुमच्यापासून लपवणार नाही. मी म्हणाले, "काका, मोठे बोल्ट घेऊ. दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या टाकू. उद्यापुरतं धरेल ना?"

काकांनी तो ओला भुसा बोटांत चुरगळला. मग म्हणाले, "धरंल. येक फेरी धरंल. नऊ वर्सामागं तुझा बाप बी हितंच हुबा राहून ह्येच इचारत हुता."

"काय?"

"व्हय. चोवीस तारखेला त्याला ही फळी कुजल्याली घावली. नवी घालायला धा-बारा दीस पायजे हुते. तू तर तारीख देऊन बसली हुतीस. म्हनला, सिद्राम, लेकीची जबान हाय. मग वरनं ठिगळ मारलं, घासलं, गुळगुळीत केलं. लई झ्याक दिसत हुतं. आन सकाळी चिठ्ठी टाकायला बसला, तर हात उचलंना."

मी फळीकडे धावले. वरचा थर घासून काढला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. सगळ्या बोटीत तुमचे आकडे आहेत, अब्बा. नाकाशी आहे, तळाला आहे, सुकाणूखाली आहे. मागच्या फळीत चिठ्ठी नव्हती!

काका मागून म्हणाले, "मी इचारलं, का रं थांबलास? तर म्हनला, 'इसपे नाम नै डाल सकता मैं. कल इसमें बच्चियाँ बैठनेवाली.'"

"मग मला का नाही सांगितलं? तुम्ही तरी का नाही सांगितलं, काका?"

"शपत घातली हुती त्यानं. म्हनला, लोकांनी इचारलं तर बाप भ्याला म्हनू द्या. पोरगीनं इचार न करता जबान दिली आसं कुनी म्हनाया नगं. तिला अजून लई ठिकानी बोलायचंय."

अब्बा! हा काय न्याय झाला? माझा शब्द राखायला तुम्ही स्वतःला भित्रा म्हणवून घेतलंत, आणि तेही माझ्याच तोंडून? पहिल्या रांगेत बसून? मी जगभरच्या शूरांच्या गोष्टी स्टेजवर सांगत हिंडले आणि घरात, पायांतल्या चपलांकडे बघत उभा असलेला माणूस मला दिसला नाही. पण तुमचंही चुकलं. एकदा माझ्यावर ओरडायचं होतंत. "रुखसाना, तू चूक केलीस," एवढेच चार शब्द! मी तुटले नसते. कदाचित आज दुसऱ्यांदा तारीख दिली नसती.

मी ग्राइंडर उचलला. काका म्हणाले, "थांब, इचार कर, सुलाबाईला फोन तरी लाव आदी." मी म्हणाले, "आधी फोन केला तर मी बोलून वाट काढेन, काका. मला बोलता येतं." आणि फळी कापली. आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आतून कुजलेल्या प्लायवूडचा लगदा माझ्या पायांवर पडला, नऊ वर्षांचा वास घेऊन. आता उद्या ही बोट कुणी बोलून पाण्यात घालू शकणार नाही. मीसुद्धा.

मग फोन लावला. सुलाबाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "मांडव कुनी काडायचा मंग?"

"मी येते काढायला."

"मागच्या बारीला माजी थोरली सातवीत हुती, ताई. बसली घरी. लगीन झालं. औंदा धाकटी सातवीत हाय. तिला म्या काय सांगू?"

हे कुठल्या पुस्तकात आहे? मी फक्त म्हणाले, "मागच्या वेळी माझे अब्बा भ्याले नव्हते, सुलाबाई. चूक माझी होती."

"मला नगा सांगू," त्या म्हणाल्या. "तवा माईकवर बोलला हुता न्हवं? मंग हे बी माईकवरच सांगा."

त्यांचं बरोबर आहे, अब्बा. उद्याचा सातचा टेम्पो रद्द केलाय. मी सकाळच्या एसटीनं जाणार, एकटी. मांडव तोच, लोक बरेचसे तेच. मला भीती वाटतेय. हजारांच्या सभांत जी वाटली नाही, ती.

काय बोलायचं ते मी लिहून काढलेलं नाही. पण एवढा शब्द तुम्हाला देते. तुमचं नाव मी त्याच माईकवर घेईन आणि जे तेव्हा म्हणाले ते परत घेईन, एकही अलंकार न लावता. कुणी "मग बोट कधी?" असं विचारलं तर तारीख सांगणार नाही. राळ सुकायला वेळ लागतो, असं सांगेन. शिव्या पडल्या तर ऐकेन. आणि सोमवारपासून रोज कामावरून आल्यावर हातोडी हातात घेईन. नवी फळी बसेल, या टोकापासून त्या टोकापर्यंत खणखणेल, तेव्हाच बिस्किटाचा डबा उघडेन. तुमच्या हातच्या सात चिठ्ठ्या उरल्यात त्यात. मी त्यांना मानते की नाही, हे विचारू नका. पण तुम्ही ती फळी जशी रिकामी सोडलीत, तशी रिकामी सोडायची ताकद माझ्यातही येईपर्यंत मी त्या डब्याला हात लावणार नाही.

आणि सुलाबाईंची धाकटी ज्या दिवशी या बोटीत बसेल, त्या दिवशी मी काठावर उभी असेन. गप्प.

तुमची,
रुखसाना