आप्पांसमोरचा होकार

प्रिय नूतन,

मोबाइलच्या जमान्यात ताईला हे काय खूळ सुचलं म्हणून हसशील. हस बाई, पण हे पत्र शिलाई क्लासमधल्या मुलींना दाखवत सुटू नकोस. चंचलला बालवाडीत सोडलंय आणि बाहेर ओट्यावर बसून लिहितेय. लखनभाऊजींसाठी तुला मागणी घातलीय, आई-आबा खूश आहेत, सगळं कळलं मला. दोघी बहिणी एकाच घरात, इथे उधन्यात, आणखी काय हवं! असंच ना? मग ही मागणी निघाली कुठून तेही ऐक.

माझा डावा हात मोरीत पडून मोडला नव्हता गं. यांनी पिरगाळला. पलसाण्याच्या मिलमधून आले, भाजी खारट लागली, एवढंच निमित्त. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना संशय आला, त्यांनी आम्हाला कौटुंबिक सल्ला केंद्रात पाठवलं. तिथल्या श्रीकांत सरांची पद्धत अशी, की सगळं घर एकत्र बसवायचं. बसवलं. मी, हे, सासूबाई आणि मधल्या खुर्चीत आप्पा. आता तूच सांग, सासऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडलंय? चहा हवा का, हेसुद्धा मी सासूबाईंना विचारते आणि त्या आप्पांना विचारतात. सर आपले मराठीच, पण आपल्याकडची ही रीत त्यांना काय ठाऊक! मी पदर ओढून बसले. सर मला विचारत गेले, आप्पा उत्तरं देत गेले. सूनबाईला करमत नाही, माहेर आठवतं, चिडचिड करते, मग पोराचाही हात उठतो. सर मान डोलवत होते. शेवटी आप्पांनीच औषध काढलं: हिची बहीण लखनला करून घेऊ, हिचं मन रमेल. सरांनी मला विचारलं, चालेल ना? मी खाली बघत राहिले. ते म्हणाले, छान, सूनबाईंचीही संमती आहे. मेलं ते गप्प बसणं!

पुढच्या खेपेला सर नव्हते, त्यांच्या जागी केंद्रातल्याच अरुणाताई होत्या. त्यांनी आप्पांना जरा बाहेर बसायला सांगितलं. आप्पा हलले नाहीत. मग ताईंनी सगळ्यांना मिळून एकच विचारलं, गायत्री नाही म्हणाली तर या घरात काय होतं? माय वं, अख्ख्या जन्मात मला हे कुणी विचारलं नव्हतं! डोक्यावर पदर तसाच ठेवून मी बोलले. हाताचं सांगितलं. माझी बहीण या घरात आणायची नाही, हेही सांगितलं. अरुणाताई म्हणाल्या, भांडण असेल तर दोघांना समजवीन, पण मार खाणाऱ्या बाईला जुळवून घे म्हणून मी सांगणार नाही. आप्पा उठले. तेव्हापासून आमचं केंद्रात जाणं बंद. त्या दिवशी घरी काय झालं ते लिहीत नाही. उजवा हात शाबूत आहे, म्हणून हे लिहिता तरी येतंय.

लखनभाऊजी तसे नाहीत, असं आई म्हणेल. हेही लग्नाआधी मला गोडच वाटले होते. आणि माझा हात पिरगाळला जात होता तेव्हा लखनभाऊजी तिथेच बसले होते. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मला राग यांच्यापेक्षा त्या वाढवलेल्या आवाजाचा जास्त येतो.

आता नीट वाच. माझा मोबाइल सासूबाईंकडे असतो, बोलते ती स्पीकरवर, आप्पांसमोर. रविवारी तुला माझा फोन येईल. काय बोलायचं ते त्यांनी पढवून ठेवलंय. मी हसून म्हणेन, नूतन, हो म्हण, ये बाई, मजा करू. चंचललाही मावशी ये म्हणायला लावतील. मला तसंच बोलावं लागेल, कारण फोन ठेवल्यावर मला इथेच राहायचंय. चंचलला घेऊन निघायची सोय अजून झालेली नाही. तू सगळं ऐकून घे आणि नाही म्हण. मी रडले, शपथा घातल्या, तरी नाही म्हण. आणि फोन ठेवलास की लगेच अरुणाताईंना कळव, नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. तुझा नकार कळल्यावर हे घर मला मारल्याशिवाय सोडणार नाही.

तुझीच, फोनवरची नव्हे, इथे लिहिणारी,
गायत्रीताई