बसूने दिलेला कालवा

६ जाने.
बसू सकाळी चहाला. वाचनालयाचा चिटणीस झाल्यापासून घरी येतो तोही बैठक घ्यायला आल्यासारखा. म्हणाला, "यंदा व्याख्यानमालेत तूच बोलायचं. प्राचीन चीनचे कालवे. पाटबंधारेतला माणूस तूच हाईस की." शाळेपासूनचा मित्र, नाही म्हणवेना. खरं तर मनातून उड्याच मारल्या.
त्याला सांगितलं, अध्यक्षपदाला उभा राहतोय. मुलांची वाचनखोली चादरी-टॉवेलच्या सेलला भाड्याने द्यायचं घाटतंय, ते होऊ देणार नाही. "ऱ्हा की! अर्ज मी भरतो, तू चीन बघ." सही करून अर्ज त्याच्याकडे दिला.

११ जाने.
चीनने वेड लावलंय. दोन नद्यांच्या मधे, डोंगराच्या कडेकडेने उतार धरून कालवा नेलाय. आणि गाळ! आम्ही नोकरीभर गाळ उपसत बसलो. यांनी गाळाचं पाणीच खारवट रानावर सोडून ते पिकवलं. सौ. म्हणते, आधी भाजी आणा, चीन कुठं पळत नाही.

१५ जाने.
उजनीच्या कालव्यावर दिवसभर, फोटोंसाठी. गाडी बसूने दिली. "आजच जाऊन ये. भाषणात लई रंग भरंल." केवढी काळजी!

१६ जाने.
बसूच्या घरून पेढे. बिनविरोध अध्यक्ष झाला. अर्जाची मुदत काल संपली. काल मी कालव्यावर.
जेवलो नाही.

१७ जाने.
भाषणाचं आधीचं टिपण बाहेर काढलं. बलाढ्य राजाने लढाई करू नये म्हणून शेजाऱ्याने त्याच्याकडे हेर धाडला, तोही कालवे बांधणारा. राजाला त्याच कालव्याच्या खोदकामात गुंतवून टाकलं. हे मीच लिहिलंय. लिहिताना राजाच्या भोळेपणाला हसलो होतो. गाढव मी.

१८ जाने.
बसूला वाचनालयाच्या जिन्यात गाठलं. अर्ज कुठंय?
"न्हाय भरला. खोली भाड्यानं दिल्याबिगर वाचनालय चालायचं न्हाय, आन तू ते होऊ दिलं नसतंस. म्हणून तुला चीनला लावलं." वर खांद्यावर हात. "पण भाषण झकास हुणार, इंजिनेर. लोकांचं भलंच की त्यात."
पकडल्यावर त्या हेराने राजाला अगदी हेच सांगितलं होतं. आलो फसवायला, पण कालवा तुमच्याच कामाचा. बसूने यातलं अक्षर वाचलेलं नाही. हात झटकला. घरी येऊन रडलो, सौ.समोरच.

२१ जाने.
आज व्याख्यान. राजाने कालवा पुरा करून घेतला. त्या पिकावर पोसलेल्या सैन्याने पुढे शेजाऱ्याचं राज्यच गिळलं. त्याचं ठीक होतं, तो राजा होता. मला फक्त बोलता येतं, आणि अध्यक्षस्थानी बसू. हेराची गोष्ट सांगितली तर भर सभेत मित्र जाणार. गाळली तर मी कसला बोलणारा?
बसू न्यायला आलाय. खालून हाक मारतोय, आवाज नेहमीसारखाच. सौ.ने शर्ट पुढे ठेवलाय. मी अजून बनियनवरच